दुपारची सुकती

प्लगिन म्हणजे काय, हे मला आमच्या घरात कधीच धड सांगता आलं नाही. ब्लॉग म्हणजे इंटरनेटवरची आपली वही, इथपर्यंत आईला पटलं होतं. त्या वहीला वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम म्हणजे प्लगिन, असं म्हटल्यावर तिने सुपातले तांदूळ निवडायला घेतले. बाबांनी मात्र विचार केला. त्यांची सगळी नोकरी एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून गेलेली. ते म्हणाले, "म्हणजे गाडयेच्या टपार कॅरियर लावतत, तसा. गाडी एकाची, कॅरियर दुसऱ्याचो."

याहून चांगली व्याख्या मला पुस्तकांतही सापडली नाही. फक्त बाबांच्या गाड्या वर्षानुवर्षं त्याच असायच्या. माझी गाडी दर काही महिन्यांनी आपला टप बदलते, आणि कॅरियर पुन्हा बसवायची जबाबदारी कॅरियरवाल्याची. गाडीवाला फक्त कळवतो, तेही इंग्रजीत.

मी जामसंड्याला एका शाळेत कॉम्प्युटर लॅबमध्ये सहायक आहे. मुलं माउस तोडतात, मी जोडते. परीक्षेचे फॉर्म भरायचे दिवस आले की सगळी शाळा माझी नातेवाईक होते. प्रोग्रॅमिंग मला कुणी शिकवलं नाही. व्हिडिओ बघत, चुकत, स्वतःलाच शिव्या घालत शिकले. लग्न केलं नाही म्हणून हिला वेळ आहे, असा गावाचा समज, आणि तो अगदीच खोटा नाही. शाळेला निघायच्या आधी चहाचा कप घेऊन पडवीत बसायचं आणि कोड लिहायचा. कुणाच्या अध्यात ना मध्यात. तेव्हा तो खरोखरच छंद होता.

बाबांचा छंद कालवं काढण्याचा. आमच्या घराखाली उतरलं की पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, आणि पुळणीच्या टोकाला खडप, म्हणजे समुद्रात घुसलेले काळे खडक. ओहोटीला आमच्याकडे सुकती म्हणतात. सुकतीला पाणी मागे गेलं की खडप उघडा पडतो. मग त्याला चिकटलेली कालवं छोट्या कोयतीने फोडून काढायची. स्टँडवर बसून शिट्ट्या मारणाऱ्या माणसाचं हे काम नव्हे, असं गावात सगळे म्हणत. "सायबानू, आज ड्युटी खडपार काय?" अशी चेष्टाही व्हायची. बाबांना त्याचं काही नव्हतं. भरती-सुकतीची वेळ तिथीवर चालते, आणि तुम्ही नुसती तिथी सांगायचा अवकाश, फोंडाघाटच्या गाडीची वेळ सांगावी तशी ते सुकतीची वेळ सांगत. सुट्टीच्या दिवशी टोपलीभर कालवं घेऊन ते चढण चढून येत तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे असे, ते मी स्टँडवर कधी पाहिलं नाही.

मग त्यांच्या हातून एकेक गोष्ट निसटायला लागली. आधी माणसांची नावं, मग बाजारातून काय आणायचं ते, मग तिथी. सावंतवाडीच्या डॉक्टरांनी तपासलं. वयाचं आहे, हळूहळू वाढत जाईल, म्हणाले. निघताना मला एकटीला थांबवून त्यांनी सांगितलं, "जे जे ते स्वतःहून करतायत, ते त्यांच्याकडून काढून घेऊ नका. एकदा सुटलं की परत हातात येत नाही." परतीच्या गाडीत बाबा खिडकीशी बसून येणाऱ्या प्रत्येक स्टॉपचं नाव मला सांगत होते, आणि एकही चुकलं नाही. मी तोंड दुसरीकडे करून रडून घेतलं.

त्यानंतर घरात एक रीत पडली. ती कुणी ठरवली असं नाही. बाबांचं काही चुकलं की आमच्या दोघींपैकी कुणीतरी ती चूक आपल्या अंगावर घ्यायची. चष्मा फ्रीजमध्ये सापडला की आई म्हणायची, "मीच ठेवलंय वाटता." एकाच दिवशी दोनदा साखर आली की मी म्हणायचे, मीच दोनदा सांगितली. शेजारच्या मुलीला त्यांनी तिच्या आत्याच्या नावाने हाक मारली तर मी हसून म्हणायचे, मलाही ती तशीच दिसते. बाबा आमच्याकडे आळीपाळीने बघत. एकदा म्हणाले, "तुमी दोघीच मगे हल्ली चुकतास." आम्ही हसलो, तेही हसले. आपण फार शहाणपणाने वागतोय असं मला वाटत होतं.

पण एका माघात ते भर भरतीला खडपावर जायला निघाले आणि रिकामी टोपली घेऊन परत आले. तिथी विसरले होते. आता ही चूक कोण अंगावर घेणार? समुद्राने भरती चुकीच्या वेळी आणली, असं काही म्हणता येत नाही. आई घाबरली होती, आणि घाबरली की ती हुकूम सोडते. "आता खडप बंद," तिने जाहीर केलं. बाबांनी वाद घातला नाही. पडवीतल्या खुर्चीत बसून राहिले. दुसऱ्या दिवशीही बसले, तिसऱ्या दिवशीही. डॉक्टरांचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

म्हणून मी पाटी केली. माझा एक ब्लॉग होता, त्यावर मी खाण्यापिण्याचं आणि चिडचिडीचं लिहायचे. त्याच्या कडेला दिसेल असं एक प्लगिन बनवलं. आजची तिथी, चंद्राचं चित्र, भरती कधी, सुकती कधी, आणि खडप उघडा असेल त्या वेळेला मोठी हिरवी पट्टी. बाबांच्या फोनवर एक बटण करून दिलं, दाबलं की थेट पाटी. आईशी मी भांडले. पाटी बघून जातील, तिथी आठवायची गरजच नाही, असं तिला पटवलं. तिने शेवटी हो म्हटलं, पण एका अटीवर: पाटी बघितल्याशिवाय पाऊल बाहेर नाही.

गणित मला बाबांनीच सांगितलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. "पण हो हिशोब मुंबयचो," ते म्हणाले. "आपल्याकडे पाणी जरा आदी येता. पाऊण तास मागे घी." मी छापील तक्त्यांशी ताडून बघितलं, तर त्यांचा पाऊण तास जवळजवळ बरोबर निघाला. पुढे मी चंद्राचं नीट गणित आणि गावागावांतला फरकही घातला, पण पाटीचा पाया बाबांचाच राहिला. कालची भाजी न आठवणाऱ्या माणसाकडून मी समुद्र काढून घेतला होता आणि कोडमध्ये ठेवला होता.

ते प्लगिन सगळ्यांसाठी खुलं करायचं ठरलं तेव्हा बाबांनी नारळ आणायला सांगितला. देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय आमच्याकडे विहिरीवर पंपही बसत नाही. लॅपटॉपसमोर नारळ ठेवून, डोक्याला पंचा गुंडाळून बाबा उभे राहिले. "बा देवा म्हाराजा! आज आमच्या ह्या चेडवान काय ता प्लगिन केल्यान हा, ता देशोदेशीच्या लोकांच्या ब्लॉगार बसूचा आसा. तर तेका कोणाची दृष्ट लागा नको, आणि काय चूकभूल झाली आसात तर ती पदरात घी रे म्हाराजा!" "होय म्हाराजा!" आई आणि मी ओरडलो. एक शब्द अडखळला नाही त्यांचा. मी बटण दाबलं. बाबांनी नारळ फोडला आणि पाणी लॅपटॉपवर उडालं म्हणून आईने त्यांना झापलं.

सुरुवातीला गंमत वाटली. तारकर्ली-देवबागचे न्याहारी-निवासवाले पाहुण्यांसाठी आपल्या ब्लॉगवर पाटी लावायला लागले. मग गोव्यातले, कारवारचे, मग माझ्या नकाशाबाहेरचे. फुकट होतं, चालत होतं. मग तक्रारी आल्या. "चालत नाही," एवढीच एक तक्रार असायची. काय चालत नाही, कुठे, कधीपासून, हे मी ओळखायचं. एकाने पाचपैकी एकच तारा दिला, कारण त्याच्या देशात चंद्र उलटा दिसतो आणि माझ्या पाटीवर सुलटा. एकीने लिहिलं, रंग बदला. बदलला. दुसऱ्याने लिहिलं, पहिला रंग परत आणा. देवबागचे एक गृहस्थ रोज सकाळी न चुकता लिहायचे, "मॅडम, आज पाणी पाटीपेक्षा जरा आधी आलं." मी त्यांना लिहिलं की वाऱ्याने थोडंफार होतंच. त्यांनी उत्तर दिलं, मग वारा पण घाला ना पाटीत.

हे चाललं असतं. पण गाडीवाला टप बदलत राहिला. ज्या व्यवस्थेवर हे सगळे ब्लॉग चालतात, तिची नवी आवृत्ती आली की माझ्या कोडमधल्या जुन्या गोष्टी एकामागून एक बाद व्हायच्या. माझ्या प्लगिनच्या पानावर पिवळी पट्टी आली: नव्या आवृत्तीबरोबर याची चाचणी झालेली नाही. मी एक ठिगळ लावलं की दुसरीकडे उसवायचं. मग एका अनोळखी माणसाने फार सभ्य भाषेत कळवलं की माझ्या कोडमध्ये एक भोक आहे, त्यातून कुणीही आत शिरू शकेल, आणि लवकर बुजवलं नाही तर प्लगिन यादीतून काढून टाकण्यात येईल. मला ते भोक समजायलाच आठवडा गेला. घरी नेटवर्क जेमतेम बटण दाबण्यापुरतं येतं. फाइल पाठवायची तर वरच्या सड्यावर, उघड्या माळावर जायचं, कातळावर बसायचं आणि लॅपटॉपवर ऊन पडू नये म्हणून छत्री धरायची. गुराखी मला लांबून बघत आणि लांबूनच जात. शाळेत मी मुलांवर खेकसायला लागले. जेवण जाईना. आरशात बघितलं तर कपाळावरची आठी झोपेतून उठल्यावरही तशीच.

देवाशप्पथ सांगते, मला ते बंद करायचं होतं. सगळ्यांना सोडून ते फक्त बाबांपुरतं ठेवण्याचाही विचार केला. पण गाडी तीच. टप बदलला की बाबांचाही कॅरियर पडणारच. कुणी चालवायला घेतं का, म्हणून मी जाहीर विचारलं. एकजण पुढे आला, आणि दुसऱ्याच निरोपात त्याने विचारलं की भरतीच्या वेळेखाली कर्जाच्या जाहिराती टाकल्या तर चालेल ना. मी त्याला जे लिहिलं ते इथे लिहिता येणार नाही. म्हणजे मीच राहिले. रोज सकाळी उठायचं आणि त्या कोडसमोर बसायचं. खाली अंगणात बाबा फोन डोळ्यांजवळ धरून हिरव्या पट्टीची वाट बघत असत. पट्टी आली की टोपली उचलत. ते पाठमोरे उतरताना दिसले की मला वाटायचं, आज तरी चाललं. आणि लगेच, उद्याचं काय?

शेवटी मी वेळेचा सगळा भाग नव्याने लिहिला. भोक बुजवलं, जुनं सगळं काढलं. माझ्या लॅपटॉपवर पाटी उघडून बघितली; तिथी बरोबर, भरती बरोबर, सुकती बरोबर. सड्यावर जाऊन नवी आवृत्ती पाठवली आणि तशीच शाळेला गेले. पिवळी पट्टी गेली होती. त्या दिवशी डब्यात घावणे होते, आणि कितीतरी दिवसांनी मला त्यांची चव लागली. मुख्याध्यापकांनी विचारलंसुद्धा, काय, आज हसताय?

मधल्या सुट्टीत मी सहज तक्रारींचं पान उघडलं. देवबागच्या गृहस्थांचा निरोप होता. "मॅडम, तुमची पाटी म्हणते आत्ता खडप उघडा. इथे पाणी माझ्या पायरीला लागलंय."

वाचताक्षणी मला कळलं. नवी व्यवस्था वेळ विचारली की भारताची सांगत नव्हती, ग्रीनविचची सांगत होती. माझा लॅपटॉप भारतीय वेळेवर चालतो, म्हणून तिथे सगळं बरोबर दिसलं. आपल्या किनाऱ्यावर बाकी सगळीकडे पाटी साडेपाच तासांनी चुकली होती. तासभराची चूक असती तर कुणालाही समजली असती. पण भरती उतरून सुकती व्हायला साधारण सहा तास लागतात. साडेपाच तासांच्या चुकीने पाटी वेळ चुकवत नव्हती, भरतीलाच सुकती म्हणत होती. द्वितीया होती, अमावास्येचं उधाण ओसरलेलं नव्हतं. दुपारी एकच्या सुमाराला पाणी पूर्ण भरणार, आणि नेमकी तेव्हाच पाटीवर हिरवी पट्टी.

मी बाबांना फोन लावला. फोन आईने उचलला.

"बाबा खंय आसत?"

"फोन हयच इसारले. कालवांक गेले ना."

"आये, आता भरती आसा!"

ती म्हणाली, "ते म्हणत हुते गो. म्हणत हुते, आज दुतीया, दोनपारा भरती आसाक व्हयी. मीच म्हटलंय, तुमका काय आठावता, पाटी बघा. मगे बघल्यानी आणि गेले."

समोर कॉम्प्युटर होता. शाळेत नेटवर्क होतं. एक ओळ बदलून पाठवायला मला पाच-दहा मिनिटं लागली असती. तारकर्लीपासून कारवारपर्यंत आणि त्यापलीकडे किती लोकांच्या ब्लॉगवर ती पाटी खोटं बोलत होती, कुणाकुणाचे पाहुणे पाण्यात उतरत होते, मला माहीत नव्हतं. मला त्या क्षणी त्यांच्यातल्या एकाचीही पर्वा वाटली नाही. मी पर्ससुद्धा न घेता स्कूटर काढली. वाटेत समोरून वाळूचा डंपर आला, त्याने हॉर्न मारला, मी त्याला वाट दिली की त्याने मला, आठवत नाही. तोंडाने सारखं देवाचं नाव घेत होते, आणि मधूनच मोठ्याने स्वतःला शिव्या घालत होते.

पुळणीवर चिटपाखरू नव्हतं. पाणी सुरूच्या झाडांच्या मुळांपर्यंत आलेलं. खडप दिसतच नव्हता. जिथे तो असतो तिथे नुसतं हिरवट पाणी उचलत होतं आणि बसत होतं. त्या पाण्यात, खडपाकडे जायची वाट जिथून सुरू होते त्या अंदाजाने, बाबा कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. टोपली डोक्यावर, एका हाताने धरलेली. दुसऱ्या हातात कोयती. पायाने चाचपून खडक शोधत होते. लाट आली की मागे सरकत, गेली की पुन्हा पुढे.

"बाबा! भाईर येवा!"

त्यांनी वळून बघितलं. मला शाळेच्या वेळी तिथे बघून त्यांना आश्चर्य वाटलं असावं. "थांब गो," ते ओरडले, "पाणी आता जातलाच. पाटी म्हणता उघडो आसा."

मी साडीसकट आत गेले. एक लाट माझ्या गळ्याशी आली. त्यांचा दंड धरला तेव्हा तो थंडगार होता आणि थरथरत होता. ते किती वेळ तसे उभे होते कोण जाणे. टोपली सुटली आणि वाहत गेली. मी त्यांना ओढत बाहेर आणलं आणि वाळूत बसवलं. मग मला जे रडू फुटलं ते आवरेना. बाबा माझ्या पाठीवर हात फिरवत होते. म्हणाले, "रडतस कित्याक? मी आसंय मां."

श्वास परत आल्यावर मी त्यांना सांगितलं. "बाबा, पाटी चुकली. माझी चूक. तुमचा बरोबर हुता. आज दोनपारा भरतीच हुती."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघायचे, तसंच. आणि हसले. "होय," म्हणाले. "तुमी दोघी हल्ली सगळा आपल्याच अंगार घेतास. माका कळता गो. इतक्याव खुळो नाय झालंय."

"नाय ओ बाबा, खराच! माझ्या कोडात..."

"जांवदे. पाटी कशी चुकात? शिकलेली मशीन ती. मीच कायतरी उलटासुलटा वाचलंय आसतलंय." ते समुद्राकडे बघू लागले. "माका घरातच वाटला हुता, भरती आसतली म्हणान. पण हल्ली माका काय्येक वाटता. तेच्यार काय इश्वास ठेवचो?"

मी त्यांना घरी आणलं. त्या दिवशी त्यांना पटवण्यासाठी मी जे जे करता येईल ते केलं. देवबागच्या गृहस्थांचा निरोप मोठ्याने वाचून दाखवला. लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवून चुकलेली ओळ दाखवली. आईने देव्हाऱ्यावर हात ठेवून शपथ घेतली की तिनेच त्यांना पाटी बघायला लावलं. आम्ही जितकं पोटतिडकीने सांगत होतो, तितकी त्यांची खात्री होत होती की हे दोघींनी मिळून ठरवलेलं आहे. शेवटी त्यांनी माझे ओले केस बाजूला केले आणि म्हणाले, "बरा हा. पाटीच चुकली. आता जा, कापडां बदल." माझी समजूत घालत होते. मी खरं सांगत होते, आणि खरं सांगायची कुठलीच वाट मी शिल्लक ठेवली नव्हती.

पाटी त्याच संध्याकाळी दुरुस्त झाली. ओळ एकच होती. कुठे काही झालं नाही; एका पाहुण्याचे बूट भिजले, एवढीच तक्रार. देवबागच्या गृहस्थांनी पाच तारे दिले आणि लिहिलं, मॅडम लगेच लक्ष घालतात. मी ते वाचून लॅपटॉप इतक्या जोरात मिटला की त्याचं बिजागर तुटलं.

बाबांनी कोयती शेजाऱ्याला देऊन टाकली. "माका काय करूची ती," एवढंच म्हणाले. फोनवरचं बटण अजून आहे, ते दाबत नाहीत. मी एकदोनदा म्हटलं, चला, मी येते बरोबर, सुकती आहे. तर म्हणाले, उन्हा हत. पाटीत आता काही बिघडलं की मी ठीक करते. कशासाठी करते ते मला विचारू नका. रागाने करते.

त्यांना आता तिथीच काय, कशाचाच भरवसा वाटत नाही. पाऊस पडतोय का, हे हात बाहेर काढून बघितल्यावरही आईला विचारतात. अंघोळ झाल्यावर टॉवेल ओला आहे ना ते मला दाखवतात. परवा रविवार होता. मी ताटं मांडत होते, तर ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"गो," ते म्हणाले, "माका भूक लागल्यासारखी वाटता. खरीच लागली काय, वायच बघ मगे."

मी घड्याळाकडे बघितलं. जेवायची वेळ कधीच टळून गेली होती. "खरीच लागली हा, बाबा. येवा, बसा."

ते माझ्याकडे बघून हसले, मला वाईट वाटू नये म्हणून. "तू आपला माका बरा वाटूचा म्हणान सांगतस," म्हणाले, आणि पडवीत जाऊन खुर्चीवर बसले.